गाडीच्या पाठीवरचे दोन ठोके

ऐकीव गोष्ट छापायची नाही, ही सवय बातमीदारीत लागली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

२००८ च्या सुमारास, बातमीदारी सोडल्यावर, मी डोळे तपासणीच्या फिरत्या गाडीचा व्यवस्थापक होतो. गाडी म्हणजे चाकांवरचं घरच — दोन बर्थ, गॅस, पाण्याची टाकी. हेमलकसाच्या पुढे बांबूच्या फांदीने मागचा कॅमेरा फुटला. चंद्रपूरला नवा बसवला आणि तो पुन्हा फुटू नये म्हणून मी त्यावर लोखंडी टोप वेल्ड करून घेतला. टोप जरा खाली आला. ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर बंपरलगतची जमीन दिसेना.

हे नामदेवभाऊंच्या लक्षात आलं. ते गाडीवरचे मदतनीस, वय साठीचं. गाडी मागे घेताना ते खाली उतरून हाताने पत्रा ठोकत — एक ठोका म्हणजे येऊ द्या, लागोपाठ दोन म्हणजे थांबा.

"साहेब, टोपानं खालचं झाकलं ना. थोडा कापून घ्या."

"पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप भामरागडजवळच्या एका गावात होती. दुपारी दोनला गाडी झाडाच्या सावलीत घ्यायची होती. नामदेवभाऊ उतरायला उठले.

"बसा हो भाऊ. कॅमेरा कशाला लावला मग?"

"म्हंजे आता मी बसून टीवी पाहाची?" ते हसले आणि माझ्या शेजारी बसले.

ड्रायव्हर रफिकभाईंनी रिव्हर्स टाकला. पडदा मोकळा होता. आणि मागून लागोपाठ दोन ठोके... स्पष्ट. रफिकभाईंनी करकचून ब्रेक मारला.

उतरून पाहिलं. बंपरपासून हातभर अंतरावर मोतीबिंदू झालेली एक म्हातारी बसली होती — पाठ गाडीकडे, हात मांडीत. तिला ऐकूही येत नव्हतं. बाकी सगळे दूर, शाळेच्या ओसरीत.

डॉक्टर मॅडम धावत आल्या. "कोणी थांबवली गाडी?"

मी टोपाचं सांगणार होतो.

"मी, बाई," नामदेवभाऊ म्हणाले. "मागंच होतो."

मॅडमनी त्यांना हात जोडले. मी म्हातारीला हाताला धरून ओसरीकडे नेलं.

टोप त्याच संध्याकाळी छिन्नीने तोडला. सैल पत्रा, फांदी, उडालेला दगड — सगळं तपासलं. ठोके आम्ही तिघांनी ऐकले होते. ते कशाचे, हे अजून कळलेलं नाही.

नामदेवभाऊ आता ब्रह्मपुरीला असतात. मागे भेटलो तेव्हा चहा ओतता ओतता म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी खोटं बोललो. पण लोकायले इतक्यांदा तेच सांगतलं, का आता मलेच समजून नाई राह्यलं... मी तुमच्या बाजूलेच बसून होतो ना?"

"हो," मी म्हणालो. "मीच बसवलं होतं तुम्हाला."