‘मी परत येसू’: बावीस वर्षांनी शायलाला बघायला सारंगखेड्याला

मार्थाचा मेसेज आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. आधी पोस्टरचा फोटो: चंदेरी झगा, हात वर, ‘शायला लाइव्ह, सारंगखेडा यात्रा’. खाली एकच ओळ, ‘आई म्हणते जायचंच. आता काय करायचं, शोभे?’

मी लाल पेन खाली ठेवला. बावीस वर्षं दडपलेलं प्रकरण अखेर उकरलं जाणार होतं.

ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचा प्रवास तुम्हाला नुसता घोड्यांचा आणि शेवेचा वाटेल. मी धानोऱ्याची, घरी अहिराणी. मार्था नवापूरकडच्या डोंगरातली, ख्रिस्ती घरातली. डी.एड.ला नंदुरबारच्या होस्टेलात आमची एकच खोली. त्या काळी शायलाच्या कॅसेटनी आम्हाला वेड लावलं होतं, आणि ती नंदुरबारला आली. होस्टेलच्या बाई म्हणाल्या, सोबत मोठं माणूस असेल तरच सोडीन. नेमकी मार्थाची आई तांदूळ घेऊन आली होती. झालं, तिलाच नेलं. मावशी चौथ्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही दोघी पुढच्या बांबूंना चिकटलो.

शेवटच्या गाण्याआधी शायला स्टेजच्या कडेला आली. गुडघ्यापर्यंत चांदीसारखे बूट, अंगभर टिकल्या. तिनं हिंदीत विचारलं, ‘मी पुन्हा येईन’ हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात? मी घसा फाडून ओरडले, ‘मी परत येसू!’ अहिराणीत ‘येईन’ला येसू म्हणतात, त्यात काही वावगं नाही. पण तिनं माईक तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘मी परत येशू!’ मैदान खो खो हसलं.

मावशीला अहिराणी येत नाही. तिच्या घरी मावची बोलतात आणि तिचं मराठी सगळं चर्चमधलं. परत येताना रिक्षात तिनं मला भरल्या डोळ्यांनी विचारलं, ‘ती प्रभूचं नाव घेत होती ना गं?’ मी वीस वर्षांची टवाळ पोर. हसू दाबत म्हणाले, ‘हो मावशी, येशूच म्हणाली.’

त्या रविवारपासून मावशी चर्चमध्ये उभं राहून त्या गाणाऱ्या मुलीसाठी प्रार्थना मागते. आजवर. अख्खी मंडळी तिच्या मागून आमेन म्हणते. मार्थाला खरं माहीत होतं, पण ती म्हणायची, भाषा तुझी, थाप तुझी, तूच निस्तर. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. आता शायला पुन्हा तेच म्हणाली असती तर चार हजार माणसं मावशीच्या देखत हसली असती, आणि सत्तर ओलांडल्यावर तिला कळलं असतं की आपण एवढी वर्षं कशावर डोळे मिटत होतो. जाण्याआधी सांगायचंच, असं मी ठरवलं. ठरवायला काय जातं!

शनिवारी सकाळी त्या दोघी गाडीनं नंदुरबारला आल्या. नवापूर-नंदुरबार रेल्वेनं या, रस्त्यापेक्षा बरं पडतं आणि म्हाताऱ्या माणसाचे गुडघे आखडत नाहीत. मावशी उतरली ती पांढऱ्या साडीत, काखेत तोच जुना पितळी डबा. मला पाहून म्हणाली, ‘जाड झालीस.’ बाकी काही नाही. मार्थाच्या लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो.

पुढे माझ्या गाडीनं दोंडाईच्याच्या रस्त्यानं निघालो. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण उसाच्या ट्रॉल्या पुढे आल्या की गुमान मागे राहायचं, ओव्हरटेकची हौस नको. दोंडाईच्यात शेवभाजी खाल्ली. झणझणीत होती, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि कांदा, तिघींचे मिळून साडेतीनशे. मावशीनं डबा उघडून भातच खाल्ला आणि आमच्या लालभडक रश्श्याकडे पाहून मान हलवली. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मार्थानं टेबलाखालून मला पाय मारला. मी आणखी एक भाकर मागवली.

तापीचा पूल लागला की हळू घ्या, पाण्याकडे बघायला तरी. मावशीनं काच खाली करून घेतली. पलीकडे लगेच यात्रेची धूळ दिसायला लागते. गावात शिरायच्या आतच एका माणसानं गाडी अडवली, ‘ताई, गाडी आठे लावा, तठे घोडा शेतस.’ तिथे घोडे आहेत म्हणे. पन्नास रुपये घेतले, पण सावलीत जागा दिली. दुपारी पोहोचा, चार वाजल्यानंतर गाडी लावायला शेत मिळणार नाही. थंडीचे दिवस, सूर्य कलला की नदीवरून गार वारा येतो, शाल हवीच.

घोडे पाहिले. पाहिले म्हणजे काय, तासभर नुसते चालत होतो. काळे, पांढरे, बदामी, काही नाचणारे, काहींच्या गळ्यात चांदी. एक व्यापारी गिऱ्हाईकाला घोडीचे दात उघडून दाखवत होता. मावशी वाकून बघून म्हणाली, माझ्यापेक्षा बरे आहेत. व्यापारी इतका खूश झाला की त्यानं तिला खुर्ची दिली. मग गोडी शेव घेतली. ती यात्रेतूनच घ्यायची असते, गुळाची, जाडजूड, हाताला चिकटणारी. अर्धा किलो घेतली तर दुकानदारानं वर मूठभर टाकली. मी मावशीच्या शेजारी टेकले, म्हटलं आता सांगते. ती म्हणाली, ‘माझ्या प्रार्थनेनं तिचा गळा टिकला बघ.’ माझी जीभ टाळ्याला चिकटली, आणि ते काही शेवेनं नाही.

शो पाचला होता, सव्वापाचला सुरू झाला. आमच्याकडे याला वेळेवर म्हणतात. शायला आली आणि मी आणि मार्था एकमेकींचे हात धरून किंचाळलो, चाळिशी पार केलेल्या दोन मास्तरणी. ती जाड झालीय, माझ्यासारखीच. बुटांच्या जागी सपाट चपला. पण झगा तसाच लखलखता, आणि आवाज! थोडा खाली उतरलाय, जरा खरखर आलीय, पण भरून येतो. सगळी जुनी गाणी म्हटली. आम्हाला कडवीच्या कडवी पाठ, मधल्या हसण्यासकट. शेजारच्या फेटेवाल्या काकांनाही पाठ होती, ते डोळे मिटून म्हणत होते. मला इतका आनंद झाला होता की मावशीचं मी साफ विसरले.

शेवटच्या गाण्याआधी ती कडेला आली. हिंदीत म्हणाली, या भागातल्या एका मुलीनं मला एक वाक्य शिकवलं होतं, ते मी विसरलेले नाही. तिनं हात वर केला, ‘मी परत येशू!’

मैदान फुटलं. मागून कोणीतरी ओरडलं, ‘ओ बाई, येशू नही, येसू म्हन, येसू!’ मग सगळेच, येसू, येसू, येसू. फेटेवाले काकासुद्धा. शायला हसत कपाळाला हात लावत होती.

मावशी माझ्याकडे वळली. ‘काय म्हणतायत ते, शोभा?’

मी सांगितलं. गाण्याच्या दणदणाटात, तिच्या कानाशी तोंड नेऊन, सगळं. येसू म्हणजे येईन. ती प्रभूचं नाव घेत नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी मुद्दाम खोटं बोलले. मावशी ऐकत होती स्टेजकडे बघत. गाणं संपलं, लोक उठले, ती उठेना. मार्था रडकुंडीला आली होती.

गाडीत बसलो, पूल ओलांडला. शेवेची पिशवी मावशीच्या मांडीवर तशीच.

‘म्हणजे ती फक्त येते म्हणाली होती,’ मावशी म्हणाली.

‘हो मावशी.’

‘आणि आली.’

‘आली.’

तिनं मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाली, ‘तूही म्हणाली होतीस. मार्थाच्या लग्नाला, माझ्या दारात. अठरा वर्षं झाली. तुझ्यासाठीही मागत होते मी. तू खोटं बोललीस त्याचं मला एवढं नाही वाटत.’

नवापूर काय सातासमुद्रापार आहे? सव्वा-दीड तासाचं अंतर. शाळा, सासूचं आजारपण, मुलाची दहावी, कारणं खूप होती, सगळी खरी, आणि त्या क्षणी एकही सांगण्यासारखं नव्हतं. मी रडले, गाडी चालवत रडले. मार्था म्हणाली, बाजूला घे आधी, नाहीतर तिघींसाठी प्रार्थना करावी लागेल. त्यावर मावशी हसली. मग आम्ही गाडी लावून अंधारातच ती शेव संपवली.

रात्री त्या माझ्याकडे धानोऱ्याला राहिल्या. रविवारी सकाळी मी त्यांना नवापूरला सोडलं. मावशीचं घर तसंच, अंगणात लिंबाचं झाड तेवढं वाढलंय. शायलासाठीची प्रार्थना आता बंद का, असं मी भीत भीत विचारलं. का म्हणून, ती म्हणाली, गळा तर तिला अजून लागणारच आहे. मंडळींना मात्र पुढच्या रविवारी उभं राहून खरं सांगणार होती.

निघताना मी सवयीनं म्हणाले, ‘येते, मावशी.’

तिनं दाराची चौकट धरली. ‘कोणत्या भाषेत?’

मार्था तोंडावर पदर घेऊन हसत होती. मी म्हणाले, ‘अहिराणीत. येसू.’

‘बघू,’ मावशी म्हणाली आणि आत गेली.

घरी येऊन आठवडा होत आला. सारंगखेड्याला जाणाऱ्यांनी जरूर जा. घोडे बघा, शेव खा, आणि कुठलं जुनं गाणं पाठ असेल तर मोठ्यानं म्हणा, शेजारी कोणी ना कोणी साथ देतंच. माझ्या डोक्यात अजून तिची गाणी वाजतायत आणि घसा बसलेलाच आहे. पितळी डबा मावशी माझ्याच गाडीत विसरली. मुद्दाम की काय, देव जाणे. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून आज सकाळी कळण्याचं पीठ भरलं त्यात.

उद्या रविवार. मावशी चर्चमध्ये उभी राहून माझी थाप सांगणार, तेव्हा मी मार्थाच्या शेजारी बसलेली असेन. पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलंय.