टाकीवरची टिकली

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम., पहिला वर्ग. हे मी मुद्दाम सांगते, आणि मिरवायला म्हणूनच सांगते. बाबा दुसरीतून उठले, आईने शाळेची पायरी पाहिली नाही, आणि मी एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात स्वतःच्या टेबलावर बसते. गाडी मी माझ्या पगारातून घेतली. जुनी, कुणीतरी वापरलेली, पण आमच्या दारात उभी राहिलेली पहिली गाडी तीच. त्याआधी टेम्पो होता, पण टेम्पोला आमच्यात कुणी गाडी म्हणत नाही. म्हणजे, मी म्हणत नसे.

टेम्पो बाबांचा. सूत गुंडाळलेले बीम कारखान्यांत पोचवायचे आणि विणलेल्या कापडाचे तागे तिथून उचलायचे, हे त्यांनी तीसेक वर्षं केलं. भिवंडीतल्या धामणकर नाक्याच्या गर्दीत टेम्पो मागे घेताना त्यांना आरशात बघावं लागत नसे, असं लोक सांगत. पुढे एकेक लूम बंद पडत गेला, टेम्पोही थकला, विकून टाकला. मग बाबा कोन गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत आणि कुणाचा क्लच जळतोय ते सांगत. ऐकायला कुणी नसलं तरी सांगत.

म्हणून गाडी आली तेव्हा एक किल्ली मी त्यांना दिली. त्यांनी आधी बोनेट उघडून आत नुसतं पाहिलं, बराच वेळ. मग आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गाडीत बसले. आईचे गुडघे गेलेले. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलं की तिला दोन दिवस बरं वाटतं, असं ती म्हणते. मंगळवार देवीचाही वार. तेव्हा दर मंगळवारी मी शेअर रिक्षाने ऑफिसला जायचं आणि बाबांनी आईला घेऊन वज्रेश्वरीला जायचं, असं ठरून गेलं. सोमवारी संध्याकाळपासून त्यांची तयारी सुरू व्हायची. काच पुसायची, चाकाला लाथ मारून हवा बघायची. ओट्यावरचं ते आवाज ऐकणं आपोआप बंद झालं.

पहिल्याच महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी गाडीजवळून गोडसर उग्र वास आला. खाली वाकून पाहिलं तर जमिनीवर हिरवे थेंब. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. बोनेट उघडलं. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी आदल्या दिवशी मी भरली होती, ती बरीच खाली गेलेली. ती टाकी जुनी, तेल आणि धूळ बसून बाहेरून काळी झालेली. आतलं पाणी दिसायचं ते वरच्या गळ्यापाशीच, तिथे मीच बोटाने पुसून जागा केली होती. मी ती पुन्हा गळ्यापर्यंत भरली. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते ठराविक वेळेला, येईल तेवढं. पाणी आलं की हंडा, पिंप, बादली, कुकरसुद्धा, सगळं काठोकाठ भरून ठेवायचं, अर्धवट भांडं दिसलं की आईचा हात तिकडे जातो. माझाही जातो. त्यात विचार करायचं काही नसतं.

आणि पाणी कुठवर होतं ते नेमकं कळावं म्हणून मी माझ्या कपाळाची टिकली काढून टाकीच्या गळ्याजवळ चिकटवली. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

त्या टिकलीने सगळा हिशेब सोपा करून टाकला. आठवडाभर मी गाडी ऑफिसला नेई, पाणी टिकलीपाशीच असे. मंगळवारी बाबा नेत, पाणी उतरे. दर मंगळवारी. मी चालवली तर काही नाही, बाबांनी चालवली की जातं. कॉलेजात शिकलेल्या माणसाला याहून वेगळं काय वाटणार? माझं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, इंजिन धड तापायच्या आत मी पोचते, आणि वज्रेश्वरीचा रस्ता म्हणजे खड्डे, कंटेनर आणि तासभर दुसऱ्या गिअरमध्ये उन्हात ओढत नेलेली गाडी, हा फरक माझ्या डोक्यात आला नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यात सगळे सांगत होते की कूलंट कमी होतंय म्हणजे इंजिनाचं हेड जाणार. मी घाबरले. आईला विचारलं, बाबा गाडी जोरात चालवतात का? ती म्हणाली, ट्रकवाला आडवा आला तर काय त्याच्या मागे बसून राहायचं? मला तेवढं पुरलं.

बाबांना मी समजावून सांगितलं. निदान मला तसं वाटत होतं. टेम्पो हाणायचात तशी ही हाणू नका, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या मंगळवारी आई म्हणाली, आज तुझा बाप बैलगाडीसारखा गेला, मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवून कान फोडले. तरी पाणी उतरलेलंच. तेव्हा बाबा पहिल्यांदा काही बोलले. मी बाटलीतून कूलंट ओतत होते आणि ते शेजारी उभे होते. टाकीत थोडी जागा ठेव, म्हणाले. पाणी तापलं की फुगतं, त्याला वर यायला जागा लागते. मी हो म्हटलं आणि टिकलीपर्यंत ओतलं.

मग तो मंगळवार आला. उन्हाळा, ऑफिसात माझं कुणाशी तरी वाजलेलं, रिक्षातून घामाघूम होऊन मी घरी उतरले. ओट्यावर बाबा आणि शेजारचे काका चहा पीत बसले होते. हे काका बाबांचे जुने सोबती, त्यांचाही टेम्पो होता. गाडीखाली हिरवे थेंब. मी पर्स खाली ठेवली, तडक बोनेट उघडलं.

"पुन्हा तेच," मी म्हटलं. "किती वेळा सांगायचं, बाबा?"

काका हसत म्हणाले, "अगं, तुझा बाप स्टेरिंग धरूनच जन्मलाय. त्याला काय शिकवतेस?"

बाबा कप ठेवून खाली आले. "बाय, गाडी बरी हाय. तू भरतंस जास्त. तिला पायजे तेवढा ती ठेवतंय, बाकीचा फेकून देतंय."

काकांसमोर मला ते लागलं. गाडी माझी, हप्ते माझे, आणि मलाच चुकीचं ठरवतात.

"एवढं कळतं तर टाकीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा," मी म्हटलं.

काकांनी चहाच्या कपात बघितलं. बाबांनी टाकीकडे बघितलं, खरंच वाकून बघितलं, जणू मी विचारलंय तर उत्तर द्यायला हवं. मग सरळ झाले.

"न्हाय येत मना, बाय," ते म्हणाले.

खिशातून किल्ली काढून त्यांनी बोनेटच्या कडेवर ठेवली आणि पुन्हा जाऊन काकांशेजारी बसले. मी ती किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. परत द्यावी असं माझ्या मनात आलं नाही. हेही मी सांगते, कारण नाही सांगितलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

पुढच्या मंगळवारपासून ते दोघे एसटीने जाऊ लागले. मी सुट्टीच्या दिवशी नेते म्हटलं, तर आई म्हणाली, देवीचा वार मंगळवार आहे, तुझ्या सुट्टीचा नाही. एसटीची पायरी तिच्या गुडघ्यांना उंच. बाबा आधी चढत आणि वरून तिला हात देत, असं तिनेच सांगितलं. दोन-तीन महिन्यांत तिने जाणं सोडलं. गुडघा तेल लावूनही राहतो म्हणाली. बाबा ओट्यावर बसू लागले, पण आता गाड्यांविषयी काही बोलत नसत. माझी गाडी ऑफिसापुरतीच दारातून हले, आणि टाकीतलं पाणी टिकलीला धरून. मला वाटलं, बघा, सुटला प्रश्न.

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकदा ऑफिसच्या कामासाठी मला नाशिक रस्त्याने आमच्या दुसऱ्या गोदामावर जावं लागलं. उशीर झालेला, साहेबांचे फोनवर फोन. मी गाडी जन्मात दामटली नव्हती अशी दामटली, जाताना आणि येतानाही. परत भिवंडीत शिरताना सिग्नलला तो गोड वास आला. बाजूला घेऊन बघितलं. टाकीच्या अंगावरून हिरवा ओघळ.

तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार काय आला? की बाबांनी इंजिन आधीच बिघडवून ठेवलंय, ते आता बोलायला लागलं.

धामणकर नाक्याजवळ एक जुना मेकॅनिक आहे, बाबांचा टेम्पो त्याच्याकडेच असायचा. उत्तर प्रदेशातून आलेला, म्हातारा. मी त्याला सगळं सांगितलं, कूलंट कसं उतरतं ते, व्हिडिओत काय म्हणतात ते. त्याने बोनेट उघडलं, हात जवळ नेऊन धग बघितली आणि म्हणाला, ठंडा होने दो. अर्धा तास मी स्टुलावर बसले. मग त्याने कापडाची एक चिंधी रॉकेलमध्ये बुडवून ती टाकी वरपासून खालपर्यंत पुसली. काळं निघालं आणि पांढरं प्लॅस्टिक दिसायला लागलं. त्यावर दोन रेषा होत्या, उठावाच्या. खालच्या रेषेपाशी MIN, वरच्या रेषेपाशी MAX. पाणी बरोबर वरच्या रेषेवर उभं होतं. माझी टिकली तिथून तीन बोटं वर.

"ये बिंदी किसने लगाया?" त्याने विचारलं.

मैंने लगाया, म्हटलं.

"बेटा, इधर तक भरोगे तो गरम होके जाएगा किधर? बाहर फेकेगा ना. गाडी में कुछ नहीं है." त्याने चिंधी बाजूला टाकली. "अब्बा को नहीं पूछा? हमारा आधा काम उन्हीं का सिखाया हुआ है."

मी नखाने टिकली खरवडत राहिले. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने ती प्लॅस्टिकमध्ये बसली होती, सहजी निघेना. मला सारखं तेच आठवत होतं की बाबा वाकून बघत होते तेव्हा तिथे वाचण्यासारखं काही दिसतच नव्हतं. मीही वाचलं नव्हतं. जे मी स्वतः वाचलं नव्हतं ते न वाचता येणाऱ्या माणसाला, त्याच्या सोबत्यासमोर, वाचून दाखव म्हटलं होतं.

घरी जाऊन मी सरळ सांगितलं. मला आडून बोलता येत नाही. "बाबा, माझं चुकलं. टाकी मी जास्त भरत होते. तुम्ही म्हणालात तसंच होतं."

बाबा शेंगा सोलत होते. "मशीन बरं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे."

"मग झाला."

मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. येत्या मंगळवारी आईला घेऊन जा, म्हटलं. त्यांनी किल्लीला हात लावला नाही. लायसन संपलं, म्हणाले. मी खोलीत जाऊन त्यांच्या पिशवीतलं लायसन काढून पाहिलं. खरंच, किल्ली माझ्या पर्समध्ये असतानाच्या काळात कधीतरी त्याची मुदत टळली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फॉर्म काढून आणला, भरला, फोटो चिकटवला, डॉक्टरचा दाखला कुठे मिळतो ते विचारून ठेवलं. फक्त त्यांची सही किंवा अंगठा हवा होता आणि एकदा माझ्याबरोबर यायला हवं होतं.

बाबांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला, उलटा-सुलटा केला आणि मला परत दिला.

"ते डोळं तपासतात तिथं पाटीवरची अक्षरं वाचाया लावतात," ते म्हणाले. "न्हाय जमायचा."

याआधी तीन वेळा त्यांनी लायसन नवीन करून घेतलं होतं. अक्षरं येत नाहीत त्यांना डॉक्टर बोटं मोजायला लावतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी तसं म्हटलं. आई म्हणाली, अहो जा की, पोरगी एवढं म्हणते. त्यांनी सोललेले दाणे ताटात सारखे केले आणि उठून आत गेले. मी त्यानंतर चारदा विचारलं. प्रत्येक वेळी तेच, न्हाय जमायचा. आवाजात राग नसायचा. राग असता तर भांडता आलं असतं.

आता मी मंगळवारी रजा टाकते, महिन्यातून एकदा, मिळाली तर दोनदा. टाकी दोन रेषांच्या मधे ठेवते. आई मागे पाय पसरून बसते, बाबा माझ्या शेजारी. अंबाडीच्या पुढे रस्ता अरुंद होतो, समोरून ट्रेलर अंगावर येतात. सुरुवातीला असा ट्रेलर आला की बाबांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा, तिथे ब्रेक नसताना. मी ते बघून हळू करायची. कधी कधी त्यांनी काही सांगावं म्हणून मुद्दाम चुकीचा गिअर टाकला, इंजिन कण्हू दिलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

परवाच्या मंगळवारी ट्रेलर अगदी जवळून गेला, मला दचकून चाक रस्त्याच्या खाली घालावं लागलं. सावरल्यावर मी खाली बघितलं. बाबांचा उजवा पाय चपलेत सरळ, जिथे होता तिथेच होता.