आईने पारखलेलं वसतिगृह

लेकीला वसतिगृहात सोडायला गेले आणि फिनाइलच्या वासानं मला माझं सोलापुरातलं वसतिगृह आठवलं. आमच्या केम गावातल्या मुली बारावीपुढं शिकत नसत. कॉलेजच्या एक बाई घरी येऊन म्हणाल्या, "राहणं, जेवण, फी, सगळं मोफत."

"फुकट कोण कुणाला शिकवतंय?" म्हणत आई माझ्यासोबत आली. तिनं खोलीची कडी आतून लावून पाहिली, आमटी चाखली. मग तिथल्या एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग पोरी, हितं भ्या वाटतंय का?"

"न्हाय मावशी."

आई मला परत न्यायला निमित्त शोधतेय, असंच तेव्हा वाटलं. आज कळतं, ती मला तिथं ठेवायला कारण शोधत होती. संध्याकाळच्या गाडीनं ती एकटीच परतली.