दांडा न धरणारी माणसं

बशीरभाईंच्या शबानाचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर निघालो होतो. "दादा, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. नांदेडहून हिंगोलीला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. परतताना एसटीत जागा मिळाली नाही. कंडक्टरच्या सीटजवळ उभा राहिलो, वरचा दांडा धरला, आणि बशीरभाई गेल्याचं तेव्हा खरं वाटलं...

बशीरभाई हिंगोली-नांदेड गाडीवर कंडक्टर होते. नव्वदच्या दशकात बी.ए.ची तीन वर्षं मी वारंगा फाट्यावरून त्यांच्याच गाडीनं कॉलेजला जायचो. आई-वडील हळदीच्या कामावर मजुरी करायचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, आणि दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. परीक्षेच्या दिवसांत भाई आपली सीट मला देत आणि स्वतः नांदेडपर्यंत उभे राहत. "वाच गुरुजी, मला सवय हाय उभं राहायची," म्हणत. मी गुरुजी झालो ते फार पुढे. भाई मात्र पहिल्या वर्षापासून तेच म्हणत आले. माझी पदवी अर्धी त्या सीटवरची आहे, हे मी कुठेही सांगतो.

भाईंना फुटबॉलचं वेड होतं. लहानपणी हैदराबादेत मामाकडे राहताना मैदानाच्या भिंतीवर बसून त्यांनी जे सामने पाहिले, ते आयुष्यभर पुरले. पण आमच्याकडे फुटबॉल बोलायला माणूस कुठला? डेपोत रेडिओ लागायचा तो क्रिकेटसाठी. भाई डबा घेऊन खिडकीशी एकटे बसत. मला त्या खेळातलं काही कळत नसे, तरी मी ऐकायचो. ऐकणारा बहुधा मी एकटाच होतो.

त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी: एकदा अर्धापूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि उभी माणसं एकमेकांवर कोसळली. एक टकला माणूस तेवढा हलला नाही. त्याच्या दोन्ही हातांत तेलाचे डबे होते, दांडा धरलेला नव्हता. एक पाय जरासा मागे सरकला, एवढंच. भाई गर्दीतून त्याच्यापर्यंत गेले. "कुठल्या जागेवर खेळायचे तुमी?" माणूस गडबडला. मग डबे खाली ठेवून ताठ उभा राहिला. "लेफ्ट हाफ. पण तुम्हाला कसं कळलं?" हैदराबादच्या एका संघातून तो आठ वर्षं पगारावर खेळला होता, आता एका गोदामावर पहारेकरी होता. उतरेपर्यंत दोघांचं बोलणं थांबलं नाही. नंतर भाईंनी तिकिटांच्या गठ्ठ्याखालचा एक पुठ्ठा काढला. त्यावर पेनानं अकरा गोल काढलेले होते, जुन्या पद्धतीच्या संघासारखे. पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन आणि शेवटी गोली, म्हणजे गोलकीपर. तिकिटं टोचायच्या चिमट्यानं त्यांनी मधल्या तिघांतल्या डावीकडच्या, लेफ्ट हाफच्या गोलात भोक पाडलं. टिक्.

असे दांडा न धरणारे खेळाडू त्यांना वीस वर्षांत भेटत गेले. एक राइट आउट लग्नाच्या बँडमध्ये होता. एक सेंटर फॉरवर्ड मुलीच्या लग्नपत्रिका वाटत निघालेला. हुकलेल्या पेनल्टीबद्दल तो कळमनुरीपर्यंत बोलला आणि उतरताना म्हणाला, कुणाला सांगू नका. भाई नाव कुणाचंच विचारत नसत. डेपोत त्यावरून थट्टा चाले.

"नाव काय म्हणला त्याचं?"

"न्हाई विचारलं."

"घ्या! बशीरभाई पुन्हा फेकून राहिले."

"फेकू दे रे, गाडीत तेवढीच हवा."

सगळे हसत. भाईही हसत. मी एकदा विचारलं, "भाई, नाव काहून विचारत न्हाई?" ते म्हणाले, "नाव विचारलं की माणूस लाजतो. म्हणतो, जाऊ द्या, आता काय... जागा विचारली की बराबर सरळ उभा राहतो."

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा पुठ्ठ्यावर दहा भोकं होती. गोली राहिला होता. मी भेटायला गेलो, तर पुठ्ठा त्यांच्या मांडीवर. "आता कुठला मिळतो," म्हणाले. मला राहवलं नाही. ज्यांच्या सीटवर बसून शिकलो, त्यांना मी मनानंच एक गोलकीपर देऊन टाकला. म्हणालो, "भाई, परवा मला भेटला. परभणीच्या गाडीत."

भाईंचा चेहरा उजळला. "माझ्या गाडीतला न्हाई... पण चालतंय. तू काय परका हाय का?" त्यांनी चिमटा उचलला, पुठ्ठा त्यात धरला, आणि थांबले. "उभा कसा व्हता?"

"तुम्ही सांगता तसाच. दांडा न धरता."

भोक न पाडताच त्यांनी चिमटा खाली ठेवला. "गुरुजी, गोली दांडा सोडत न्हाई. त्याचा सगळा खेळ हाताचा. वर काही दिसलं की हात आधी जातो. म्हणून तर तो मला सापडला न्हाई. चारचौघांसारखाच धरून उभा ऱ्हातो." मग अगदी हळू म्हणाले, "मंग बाकीचे दहा बी तुला खोटेच..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शबानाला चहा टाकायला सांगितला, माझ्या मुलांची चौकशी केली. त्यानंतर चार वर्षं आम्ही भेटत राहिलो, पण फुटबॉलचा शब्द त्यांनी माझ्याजवळ काढला नाही. मीही नाही. डेपोतले लोक निदान तोंडावर थट्टा करत होते. मी तर ऐकणारा होतो.

गेल्या आठवड्यात भाईंच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा शबानानं तो पुठ्ठा माझ्या हातात दिला. "अब्बा म्हणले व्हते, दादाला द्या." मी तो खिडकीशी धरला. दहा ठिकाणांहून उजेड आला. गोलीचा गोल पेनानं काढलेला, तसाच बंद. चिमटा त्यांच्या हातात होता, बघणारं कुणी नव्हतं. फेकणाऱ्या माणसानं ते भोक केव्हाच पाडलं असतं... हे मला चार वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर सुचायला हवं होतं.

आता गाडीत उभा असलो की मी दांड्यावरचे हात पाहतो. परवा एका म्हाताऱ्याची बोटं दिसली, जाड, दोन वाकडी. धीर करून विचारलं, "काका, कुठल्या जागेवर खेळायचे तुमी?"

"काय खेळतो बाबा? केळीवाला हाय मी, अर्धापूरचा."

मी माफी मागितली. गाडी वळणावर आली तशी त्यांनी आपला हात थोडा सरकवला आणि दांड्यावर माझ्या हातापुरती जागा करून दिली.