गोटीकाकाचं काळं पाणी

आमच्या दिवागावात गोटीरामसारखा डुबीवाला नव्हता. माझा सख्खा काका म्हणून सांगत नाही. काका म्हणून सांगायचं तर आधी त्याच्या तिरसटपणाबद्दल सांगावं लागेल. होडीतून खाडीत बांबू रोवायचा, तो धरून बादलीसकट तळाला जायचं, चाचपून रेती भरायची आणि वर यायचं, हा त्याचा धंदा. पाणी म्हणजे नुसता चिखल. पहिल्याच डुबीला आजोबांनी त्याला बजावलं होतं, "डोला उघरू नको. हात हायेत ना बगाला." काकाने ते जन्मभर पाळलं.

पुढे नव्या शहरासाठी शेतं गेली, मिठागरं गेली. उरली रेती, आणि तिने काकाचे कान खाल्ले. डावा सतत वाहायचा, उजव्याने अर्धंमुर्धं ऐकू यायचं. अशात अठ्ठ्याहत्तर साली एक कंत्राटदार अंदमानात शंख काढायला माणसं शोधत आला. उथळ पाणी, बारमाही काम, राहायला खोली. काकाला वाटलं, या खाडीतून सुटलो.

केशरकाकू अडून बसली. "काल्या पान्याला गेलेला परत येत नाय," हे तिचं एकच पालुपद.

"यायचाच नाय परत," काका म्हणाला. "तुलाच तिकरं नेईन."

तिथे काय घडलं ते मला वामनने सांगितलं. काका सांगणाऱ्यातला नव्हता. वामन तिथला नावाडी, इंग्रजांनी बेड्या घालून नेलेल्या रत्नागिरीच्या एका कैद्याचा नातू. पुढे एकदा मुंबईला आला तेव्हा मुद्दाम आमचं घर शोधत आला होता.

पहिल्या दिवशी कंत्राटदाराने होडीतून खाली बोट दाखवलं. तळाचे शंख वरून दिसत होते. काकाने बांबू मागितला. बांबू कुठला असायला! मग तसाच गेला, सवयीने डोळे मिटून, आणि खडकांवर हात सोलपटून घेत काठोकाठ भरलेली बादली घेऊन वर आला. बादलीत रेती होती. होडीतली माणसं हसून लोळली.

"काका, फक्त डोळे उघडा," वामन म्हणाला.

काका पुन्हा गेला, पुन्हा पुन्हा गेला. पाण्यात शिरलं की पापण्या घट्ट मिटायच्या आणि हात बांबू शोधायचा. शेवटी कंत्राटदाराने त्याला परत पाठवायचं ठरवलं.

बोट सुटेपर्यंत वामनने त्याला इंग्रजांचा तुरुंग दाखवला, आपल्या आजोबांना ठेवलेली कोठडी दाखवली. काका गज धरून बराच वेळ उभा राहिला.

"यांना तरी ठेवून घेतला," एवढंच म्हणाला.

इकडे केशरकाकूने खाडीला नारळ वाहिला, गावभर साखर वाटली. नवरा काळ्या पाण्याहून परत आला होता. तिचा तो आनंद काकाला सोसवेना. दुसऱ्याच दिवशी तो रेतीवर गेला.

"फुडच्या सालाला बोलावनार हायेत," असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याला कोणी तसं म्हटलं नव्हतं. पण तेव्हापासून तो खाडीच्या तळाशी डोळे उघडायची सवय करू लागला. वर यायचा तो लालभडक, चिकटलेले डोळे घेऊन. काकू दुधाच्या घड्या ठेवायची आणि रडायची. मी त्याच्यावर ओरडलो, तर त्याला ऐकूच आलं नाही.

कंत्राटदार पुन्हा फिरकला नाही. आमच्या शेतांच्या जागी, ऐरोलीत, इमारती चढत गेल्या, काकाची रेती त्यांच्या भिंतींत गेली. चौऱ्याऐंशी साली डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत फुलं पडलीत, नजर गेली, आता उपाय नाही.

दवाखान्यातून मी त्याला हाताला धरून आणत होतो. बंधाऱ्यावर खाडीचा वास आला तसा तो थांबला.

"वामनला कलव," तो म्हणाला. "म्हनावं, आता पान्यात डोले उघरतात."