साठ सायकलचं मशीन

सरळ सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. इथल्या बाकीच्यांचे अनुभव वाचतो, वेळ बरा जातो, पण विश्वास म्हणाल तर शून्य. आमच्या घरातला देव्हारा छप्पन्न सालीच उतरवला गेला आणि त्याच्याबरोबर अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची, अमावास्या-पौर्णिमा सगळंच बाहेर गेलं. त्यामुळे हे लिहायची मला लाज वाटते. शिवाय कंटाळाही आलाय. आजवर ज्याला सांगितलं त्याने एक तर हात जोडले, नाहीतर कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मुलगी म्हणाली, "पप्पा, एकदा लिहून टाका, म्हणजे सुटाल." म्हणून लिहितोय.

मी राहुरीचा. तिथे माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मूळ गाव मात्र कोल्हारच्या अलीकडे. बाबा साखर कारखान्यात कामाला होते आणि सुटीच्या दिवशी त्यांचा जलसा असायचा... भीमगीतं, प्रबोधनाची गाणी, गावोगाव. बाबा मुख्य गायक. मागे कोरसला आईचा भाऊ, म्हणजे माझा दगडूमामा. मी तीन वर्षांचा असताना बाबा काविळीने गेले. त्यांचा चेहरा मला फोटोमुळे माहीत आहे. आवाज अजिबात आठवत नाही.

आवाज होता, पण डब्यात. गावातल्या एका गुरुजींकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता — दोन मोठी चाकं गरगर फिरतात तो. त्यांनी एका बुद्धजयंतीला बाबांचा जलसा टेप केला होता. बाबा गेल्यावर त्या दोन स्पूल त्यांनी आईला आणून दिल्या. त्यातली एक स्पूल, 'कॅसेट करून देतो' म्हणून कुणीतरी नेली, ती गेलीच. तेव्हापासून दुसरी स्पूल आईने पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. कुणी मागितली की एकच उत्तर, "घराबाहेर जायाची न्हाई ती. मशीन हितं आना."

आणि मशीन काही मिळेना. गुरुजींचं त्यांच्या मुलांनी केव्हाच भंगारात घातलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक आणलं, तर त्याचं फीत वाचणारं हेड पार झिजलेलं. अख्ख्या तालुक्याचे टेप वाजते करणारा मी, आणि घरातली एक स्पूल वाजत नव्हती.

१९९९ साली आईला हृदयाचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, जपा. त्यानंतर एकदा शेंगा फोडता फोडता ती मला म्हणाली, "सिधू, त्यांचं तोंड आठवतंय रं मला. गानं बी आठवतंय. आवाजच येईना झालाय आता. आसंच जायाचं का मी?"

त्या दिवशी दुकानात माझं लक्ष लागलं नाही.

माझा मेहुणा मिलिंद तेव्हा नुकताच अमेरिकेत गेला होता, त्या वाय-टू-केच्या लाटेत, कॉम्प्युटरच्या कामाला. त्याने ई-मेल केला, "दाजी, इकडे इंटरनेटवर जुन्या वस्तूंचे लिलाव होतात. स्पूलची मशीन ढिगाने आहेत." मग मी दर शनिवारी एसटीने नगरला जायचो, सायबर कॅफेत बसायचो. एकेक फोटो वरून खाली पट्टी-पट्टीने उघडायचा... तोवर चहा व्हायचा. मी इथून विचारायचो — हेड कसं आहे, रबरं कडक झालीत का, मोटर आवाज करते का — आणि मिलिंद तिकडून विक्रेत्याला विचारायचा. लिलाव आठवडाभर चालायचा आणि शेवटच्या मिनिटाला कुणीतरी वरचढ बोली लावून जायचं. अशी दोन मशीनं हातची गेली. तिसऱ्या वेळी मी लिहिलं, आता सोडू नकोस. ते मशीन मला माझ्या मोटारसायकलपेक्षा महाग पडलं.

सप्टेंबरमध्ये मिलिंदच्या एका मित्राच्या सामानातून ते आलं. तिकडची वीज एकशे दहा व्होल्टची, म्हणून मी आधीच ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळून ठेवला होता. सगळं तपासलं होतं. आणि नेमका तिथेच गाढवपणा केला. मशीनच्या पाठीवर पट्टी होती, तिच्यावर व्होल्ट लिहिलेले आणि पुढे — साठ सायकल. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे. व्होल्ट ट्रान्सफॉर्मरने बदलतात, सायकल बदलत नाही, आणि तसल्या मोटरची गती सायकलवरच ठरते. म्हणजे ते मशीन इथे हळू फिरणार. पाच मिनिटांचं गाणं सहा मिनिटं वाजणार आणि प्रत्येक आवाज जड, घोगरा येणार. आयुष्य पन्नास सायकलवर गेल्यामुळे तो आकडा मी वाचलाच नव्हता.

रविवारी दुपारी आई खाटेवर बसली. माझी बायको सुनीता होती, कोल्हारहून दगडूमामा मुद्दाम आला होता. मी स्पूल चढवली, बटण दाबलं. आधी पेटी आली... चिखलातून चालल्यासारखी. ढोलकी सैल. मग कोरसमध्ये मामाचा आवाज, जड, ओढलेला. माझ्या लगेच लक्षात आलं. आईने पंचवीस वर्षं वाट पाहिली आणि तिला मी हे ऐकवणार? बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात बाबा गायला लागले.

स्वच्छ. मोकळा, चढा, तरुण माणसाचा आवाज. मागे ढोलकी तशीच मंद, मामा तसाच घोगरा, आणि त्या सगळ्यांच्या पुढे एक माणूस अगदी व्यवस्थित गात होता. गाणं भूत उतरवणाऱ्या भगताला फसलेल्या माणसाचं. मधेच थांबून बाबा लोकांना विचारतात, "भूत बघितलंय का कुनी? बघितलं आसंल तर हात वर करा!" आणि लोक हसतात. ते हसणंसुद्धा जड, लांबलेलं. बाबांचे शब्द मात्र नीट.

मामा माझ्याकडे बघत होता. "सिधू... माझा आवाज आसा रेड्यावानी का यायलाय? आन् दाजींचा बराबर कसा काय?"

टेप एक, हेड एक, मोटर एक. एकाच फितीवरचे दोन आवाज दोन गतींनी वाजूच शकत नाहीत. हे मी मेकॅनिक म्हणून सांगतोय.

आई खाटेवर डोळे मिटून बसली होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "व्हय. ह्योच."

नंतर मला राहवलं नाही. फीत ज्या दांडीवर ओढली जाते, ती जाड केली की गती वाढते. नगरला लेथवर मोजून पितळी बुश, म्हणजे दांडीवर चढणारं नळीसारखं कडं, कातून घेतला, दांडीवर बसवला. आता पेटी सुरात आली, ढोलकी कडक वाजली, मामाचा आवाज मामाचा झाला. आणि बाबा? बाबा चिरकायला लागले. पोरासारखा बारीक, घाईघाईचा आवाज. आईने हात हलवला. "बंद कर. यांला कशाची घाई झालीया? ह्ये न्हाईत ते. पयल्यावानी लाव."

मी बुश काढला. पुन्हा सगळे जड, बाबा ठीक.

त्यानंतर तीनेक महिने ती रोज दुपारी ऐकायची. मी जेवायला घरी आलो की लावून द्यायचो. ती औषधं वेळेवर घ्यायला लागली, सुनीताशी जुनं काहीबाही बोलायला लागली. मीही ऐकायचो. बाबा कसे बोलतात ते मला तेव्हा कळलं, वयाच्या तिसाव्या वर्षी. खरं सांगायचं तर मी खूश होतो आणि कारण शोधायचं मी बंद केलं होतं. पुरावा म्हणून एकदा कॅसेटवर उतरवून घेतलं, तर कॅसेटवर बाबांसकट सगळेच जड आले. ती कॅसेट पुसून टाकली.

डिसेंबरात आई गेली. झोपेतच, त्रास न होता. पुण्यानुमोदनाला नातेवाईक जमले, वंदना झाली, आणि मामा म्हणाला, "आक्काला आवडायचं ते लाव." मी लावलं. पेटी मंद, ढोलकी सैल, मामा घोगरा... आणि बाबाही. जड, ओढलेले, कुणीतरी दुसराच माणूस. लोकांना वाटलं मशीन बिघडलंय. मामा उठून बाहेर गेला.

सगळे गेल्यावर मी बुश पुन्हा बसवला. या वेळी पेटी बरोबर, ढोलकी बरोबर, मामा बरोबर, आणि बाबा... तेच. त्या पहिल्या दुपारी ऐकले होते तेच, स्वच्छ, मोकळे. म्हणजे आई ऐकत होती तो आवाज खरा होता. जे मशीन तो देऊच शकत नव्हतं, त्याच्यातून तीन महिने तो तिला मिळत होता. ती गेली आणि मशीन नियमाप्रमाणे वागायला लागलं. आजही तसंच वागतं.

कुणी म्हणेल, आम्हा सगळ्यांचा भास. असेल. मामा आता नाही, विचारायला उरली एक सुनीता, आणि ती या विषयावर बोलत नाही. मी त्या मशीनचा स्क्रू न स्क्रू उघडून पाहिलाय. मला कारण सापडलेलं नाही आणि आता शोधायची ताकदही नाही.

जयंतीला कधीतरी स्पूल लावतो. गाणं छान वाजतं. मग बाबा थांबून विचारतात, भूत बघितलंय का कुनी... लोक खळखळून हसतात. मला आईची रिकामी खाट दिसते, आणि मी पुढचं न ऐकताच बटण बंद करतो.