नकार शेवटपर्यंत वाचणारी सुरेखा

आमच्या समोरच्या सुरेखा घोरपडेचं कौतुक करायची मला मुळीच हौस नाही. ते करणारे लखनौत पुष्कळ आहेत. त्यातले एक तर रोज संध्याकाळी बँकेतून येऊन माझ्याच हातचा चहा पितात. "सुरेखावहिनींकडून शिकण्यासारखं आहे," असं आमचे सतीशराव म्हणाले की त्या दिवशी चहात साखर कमी पडते.

बाई मूळची मिरजेची. नवरा राजेश हवाई दलात, त्यामुळे बिऱ्हाड कायम पाठीवर. इथे आली तेव्हा तिला चारबाग स्टेशनहून घरापर्यंतच्या ऑटोशी घासाघीससुद्धा करता येत नव्हती, ती मी करून दिली. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, पण कुणाच्या लक्षात राहत नाही. राजेश निवृत्त झाला आणि हिने चिनहटला शेड घेऊन मलिहाबादच्या दशहरी आंब्यांसाठी पुठ्ठ्याच्या पेट्या करायला घेतल्या. आता बारा माणसं तिला मैडमजी म्हणतात, आणि कार्डावर कारखान्याच्याच नावाचा ईमेल पत्ता छापलाय. आमचा आपला फुकटातला, नावापुढे जन्मसाल चिकटवलेला.

तिची एक खोड आहे. गिऱ्हाइकाने नाकारलेली पेटी ती फेकत नाही. टेबलावर घेते, चारी कोपरे दाबून बघते, चूक सापडली की पेन्सिलीने गोल करते आणि शेजारी कारण लिहिते. मग ती पेटी शेडच्या भिंतीवर टांगते. लोक भिंतीवर देव टांगतात, ही चुका टांगते.

यंदा मे महिन्यात दिल्लीच्या एका मोठ्या फळव्यापाऱ्याने अख्ख्या हंगामाच्या पेट्या एकाच कारखान्याकडून घ्यायचं ठरवलं. दरपत्रक शुक्रवारी पाचपर्यंत मेलने पोचायला हवं होतं, तेही त्यांच्याकडे नोंदवलेल्या पत्त्यावरूनच. सुरेखाने त्या भरवशावर लहान गिऱ्हाइकांना नाही म्हणून टाकलं होतं. हे काम हुकलं तर ऐन आंब्यात शेड बंद.

शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे कढीपत्ता मागायला गेले. आमच्या कुंडीत होता, पण तिथून तिच्या घरातलं काही दिसत नाही. ती कॉम्प्युटरसमोर बसलेली. दरपत्रक पाठवलं की मिनिटाभरात परत येत होतं. खोटं कशाला बोलू, मला जरा गार वाटलं.

लेक देविकाने पत्ता दोनदा तपासला. "मम्मी, स्पेलिंग तो ठीक है." मग फाइल जड असेल म्हणून हलकी करून पाठवली, तरी परत. मी म्हटलं, "अगं, दिल्लीवाल्यांना पेट्या नको असतील." तिने ऐकलं नाही. परत आलेला मेल तिने छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसली. आपण सगळे अशा मेलची पहिली ओळ वाचून तो उडवतो. ही बया इंग्रजीतलं ते सगळं अगडबंब पुराण शेवटपर्यंत वाचत गेली आणि खालून चौथ्या ओळीला गोल केला. पलीकडच्या सर्व्हरने सांगितलं होतं की पत्ता बरोबर आहे, पण तुमच्या कारखान्याचं नाव नकोसे मेल धाडणाऱ्यांच्या यादीत आहे, म्हणून घेत नाही.

"मी कुणाला नकोसे मेल धाडले?" म्हणत तिने पाठवलेले मेल उघडले. सत्तावीस एप्रिलला एकदम सहाशे बारा मेल गेले होते, आणि लगोलग तेच पुन्हा. त्यातले निम्म्याहून जास्त परत आलेले.

माझ्या हातातला कढीपत्ता जड झाला.

त्याचं असं, की महाराष्ट्र मंडळाची सचिव मी. महाराष्ट्र दिनाचं आमंत्रण तिच्या त्या भारदस्त पत्त्यावरून जावं आणि खाली माझं नाव असावं, असं मला वाटलं होतं. ती हो म्हणाली, फक्त यादी आधी गाळून घ्या म्हणाली, आणि मलिहाबादला निघून गेली. आता आमच्या मंडळाच्या यादीत एकदा आलेलं नाव कुणी काढत नाही, लोक रुसतात. लष्कर आणि हवाई दलातली माणसं बदलून जातात, पत्ते मरतात, नावं राहतात. मी सगळ्यांना पाठवलं. गेलं की नाही कळेना, म्हणून पुन्हा पाठवलं.

"वहिनी, यादी गाळली होतीत ना?"

हो म्हणता आलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाव काढलं नाही. आणि दोनदा पाठवलं."

ती ओरडली असती तर किती बरं झालं असतं. मला चार घरी सांगायला झालं असतं. तिने त्या बदनाम यादीतून नाव काढण्यासाठी अर्ज भरला, पण त्याला दोन दिवस लागणार होते. म्हणून दिल्लीला फोन लावला. तिथले कॉम्प्युटरचं बघणारे अनीशजी म्हणाले, काय चूक झाली आणि ती पुन्हा कशी होणार नाही, ते दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावरून लिहून द्या, मग तुमच्यापुरतं दार उघडतो. तिने माझ्याच जन्मसालवाल्या पत्त्यावरून लिहिलं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी दरपत्रक गेलं आणि परत आलं नाही. देविका आणि मी पाच वाजेपर्यंत पडद्याकडे बघत बसलो.

सोमवारी काम मिळाल्याचं कळलं. सतीशरावांनी पेढे आणले, स्वतःच्या खिशातून.

तो परत आलेला मेल आता शेडच्या भिंतीवर पेट्यांशेजारी टांगलाय. माझं नाव वाचायला मी मुद्दाम चिनहटला गेले. गोलाशेजारी लिहिलंय: 'यादी स्वतः न बघता पाठवू दिली. चूक माझी.' माझं नाव कुठेच नाही. अनीशजींना धाडलेल्या पत्रातही तिने हेच लिहिलं होतं, मी नंतर माझ्या मेलमध्ये शोधून पाहिलं. शेजाऱ्याने असं वागू नये. चुकीवर तरी माझा हक्क होता, तोही हिनेच घेतला.

सध्या मी मंडळाची यादी गाळते आहे. पेन्सिल तिनेच दिली.